आधी आंघोळ की आधी फिर्याद

ठमामावशी,

संघटनेनं तुझ्यावर पानभर मजकूर मागितलाय. शहापूरच्या कार्यालयात तुझ्या फोटोखाली लावायला. मी लिहायला बसले आणि हाताला सवय आहे तसं पहिलं वाक्य पडलं: "अन्यायाविरुद्ध अखेरच्या श्वासापर्यंत झुंजणारी रणरागिणी हरपली." वाचून बघितलं आणि तुझा आवाज आला, "कोण गो ती? कुठल्या वाडीची?"

खोडून टाकलं. तू झुंजत नव्हतीस. तू लोकांच्या घरी जात होतीस, पाणी तापवत होतीस आणि उरलेल्या वेळात माझ्याशी भांडत होतीस. आपलं शेवटचं भांडण अर्धं राहिलंय. तू मध्येच उठून गेलीस. याआधी भांडणातून तू कधी उठल्याचं मला आठवत नाही. उठायची ती मीच.

तुझा जन्म कधीचा, शाळा किती, नवरा कधी गेला, हे मी लिहिणार नाही. पहिलं तुलाच माहीत नव्हतं आणि बाकीचं विचारलं की तू म्हणायचीस, "पोलीस हायस काय?" तुला न ओळखणाऱ्यांना एवढं पुरे की उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एका ठाकूरवाडीत तू राहायचीस, आणि कसाऱ्यापासून तानशापर्यंतच्या वाड्यांत कुणाला गाववाल्यांनी मारलं, हाकललं, बाईमाणसाला रस्त्यात अडवून जातीवरून बोललं, की निरोप आधी तुला यायचा. संघटनेला मागून कळायचं. मी मुरबाडकडची, गावठाणातली, पक्क्या घरातली. तुझ्याकडे आले ती पत्रकांचा गठ्ठा घेऊन.

त्या पत्रकाचा मथळा मीच लिहिला होता: अत्याचार सहन करू नका, तक्रार करा. तू एक हातात घेतलंस, लांब धरून बघितलंस. वाचता येत नव्हतं हे मला नंतर कळलं. मला मोठ्यानं वाचायला लावलंस. मग विचारलंस, "आन् तकरार केल्यावर दुसऱ्या दिशी काय करायचं, ते कुठं लिवलंय?"

मी म्हटलं, ते नाही लिहिलेलं.

"मागं तर सगळा कोराच हाय की," तू कागद उलटून म्हणालीस. "जागा व्हती."

मला राग आला होता. तुझ्याकडून परतताना रस्ताभर मी तुला उत्तरं देत होते, वाऱ्याला. पण त्या दिवसापासून तू मला "पत्रकवाली" म्हणायला लागलीस आणि वाडीनं ते नाव उचललं. आजही पोरं मला त्याच नावानं हाक मारतात.

जानूचं प्रकरण होळीच्या आधीचं. भात निघाल्यावर गावठाणाखालच्या मोकळ्या शेतात सामने भरवतात, टेनिस बॉलचे. मंडप घालतात, लाउडस्पीकर लावतात, माइकवर एक समालोचक दिवसभर बोलत असतो. वाडीच्या संघाला एरवी कुणी घेत नाही. या वेळी एक संघ आला नाही म्हणून यांना घेतलं आणि हे जिंकले. जानू, तुझ्या शेजारच्या घरातला, हायवेवरच्या गोदामात कामाला जाणारा, बोलर. चषक घ्यायला तोच पुढे गेला. तेव्हा समालोचकाच्या हातातला माइक गावठाणातल्या एका पोरानं घेतला आणि जातीवरची शिवी हासडली. वर म्हणाला, यांना चषक कशाला, ताडी प्यायला नेतील.

शेतभर भोंग्यांतून ते ऐकू गेलं. जानू तिथंच थांबला आणि म्हणाला, "माइकवर बोललास, आता माफी बी माइकवर माग."

बस, एवढंच. मग त्यांनी स्टंप उपटले.

माझा एक मामेभाऊ त्या मैदानात होता. मी फोन करून विचारलं, तू ऐकलंस ना? म्हणाला, "ताई, मी तेव्हा आइस्क्रीम आणायला गेलतो." त्याच्या मित्राला विचारलं. तोही आइस्क्रीम आणायला. मावशी, त्या दिवशी अख्खं मैदान आइस्क्रीम आणायला गेलं होतं. मंडपात कुणीच नव्हतं, माइक आपोआप बोलला आणि स्टंप आपोआप चालले. ही चीड माझ्यातून अजून गेलेली नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी शहापूरला आले, तिथून जीप, तिथून पायी. तुझ्या अंगणात पोचले तर कुंपणावर जानूची जर्सी वाळत होती. स्वच्छ. पँटही. पिवळीधम्मक जर्सी उन्हात अशी चमकत होती, जसं काही काल तिला कुणी शिवलंही नाही.

"हे कधी धुतलंस?"

"काल. रगत सुकला का निघत नाय."

"मावशी, तो पुरावा होता."

"ती जानूची जर्सी हाय," तू म्हणालीस.

मी ओरडले. काय काय बोलले ते तुझ्या शेजाऱ्यांना अजून पाठ आहे. तू चुलीपुढं बसून ऐकत राहिलीस. मग शांतपणे सांगितलंस की वाडीची रीतच आहे. मार खाऊन आलेला माणूस तसाच उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही. अंगणात बसवायचा, निरगुडीचा पाला टाकून उकळलेल्या पाण्यानं पायापासून डोक्यापर्यंत धुवायचा, हळद लावायची, अंगावरचं ओहोळात धुऊन काढायचं, मग आत. "मार अंगावर ऱ्हायला ना पोरी, का तो रातीचा आत जातो. मग माणूस उठत नाय."

मी म्हटलं, आणि कोर्टात काय दाखवू, निरगुडी?

"जानू दाखव ना. जित्ता हाय."

तू चुकलीस मावशी. हे मी तेव्हा म्हटलं, आज तू नाहीस तरी म्हणते. मेलेल्या माणसाशी खोटं बोलायची पद्धत आपल्याकडे आहे, फोटोला हार घातला की सगळ्या चुका माफ. तुला ते आवडलं नसतं. ती जर्सी तशीच काढून सावलीत सुकवून कागदात गुंडाळून ठेवली असती, आंघोळीआधी जानूला दवाखान्यात नेलं असतं, निदान कुणाच्या मोबाइलवर फोटो काढले असते, तर पुढचे निम्मे हेलपाटे वाचले असते. पण तू त्या पोराला अंगणात बसवून धुतलंस म्हणून तो दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत आला, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे मला पत्रकात कधी बसवता आलं नाही.

ठाण्यात ते साहेब काय म्हणाले आठवतं? "मॅडम, खेळात होतं असं." मी म्हटलं, खेळ संपला होता, बक्षीस समारंभ चालू होता. मी कायद्याची कलमं म्हणायला लागले. ते माझ्याकडे, रेडिओ लागलाय कुठेतरी, अशा नजरेनं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, अंगावरचे कपडे कुठायत? तू सांगितलंस, "धुतले." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, मग मी जप्त काय करू?"

"मला करा," तू म्हणालीस. "मी समदा बघितलाय. कुठं लागलाय, कसा लागलाय. मला करा जप्त."

हवालदार हसला. साहेबही हसले. मीही हसू दाबलं. आज ते आठवून हसू येत नाही. त्या ठाण्यात त्या दिवशी बोललं गेलेलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं आणि आम्ही तिघे शिकलेले त्याला हसलो.

दुपार झाली तरी ते नोंद करेनात. तू पिशवीतून भाकरी आणि सुकट काढलीस आणि त्या बाकावर जानूला भरवायला बसलीस. जवळा भाजलेला. अख्ख्या ठाण्यात वास. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, घ्या हो यांचं लिहून घ्या. गुन्हा माझ्या कलमांनी नोंदला की तुझ्या सुकटीनं, यावर आपण परतीच्या वाटेवर भांडलो होतो. जानू मध्ये चालत होता. मार खाल्ल्यापासून तो पहिल्यांदा तेव्हा हसला. हसताना त्याच्या फुटलेल्या ओठातून परत रक्त आलं, आणि तू मला म्हणालीस, "घे, तुझा पुरावा."

आता थोडं पत्रकवाली म्हणून बोलते, कारण हे वाचणाऱ्यात कुणाच्या घरी उद्या हीच वेळ येईल. जातीवरून मारहाण झाली, बोललं गेलं, तर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंद करता येते, आमची हद्द नाही असं म्हणून परत पाठवता येत नाही. तोंडी सांगितलेलं त्यांनी लिहून वाचून दाखवायचं असतं आणि नोंदीची प्रत फुकट द्यायची असते. सोबत आपलं माणूस, संघटनेचं माणूस नेता येतं, तो उपकार नाही, हक्क आहे. कपडे धुऊ नका. प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, कुजतात. आधी डॉक्टर, मग पाणी. आणि हे सगळं करत असताना मार खाल्लेल्या माणसाला वस्तूसारखं इकडून तिकडे नेऊ नका. हे शेवटचं वाक्य ठमामावशीचं आहे. पत्रकाच्या मागच्या बाजूला मी ते छापून घेणार आहे.

दवाखान्यातल्या कागदावर "किरकोळ सूज" आलं. पाठ हळदीनं माखलेली, डॉक्टरांनी नीट बघितलंच नाही. त्यांना मी दोष देऊ की तुला, हे ठरवण्यात माझे बरेच दिवस गेले. मधल्या काळात गावठाणानं आपलं काम सुरू केलं. कुणी जाहीर काही बोललं नाही. वाळीत टाकायला आता कायद्यानं बंदी आहे ना, म्हणून कुणाला वाळीत टाकलं नाही. फक्त वाडीच्या बायका दळण घेऊन गेल्या की गिरणीतली वीज जायची. त्या वळल्या की यायची. शेतातून रस्त्याला जाणारी जवळची पायवाट काट्यांनी बंद झाली. जानूच्या आईला लावणीला बोलावणारे दोन घरवाले म्हणाले, यंदा आमचं आम्हीच करू.

मी काय केलं? शहापूरला तहसील कार्यालयावर मोर्चा काढला. जानूला पुढे बसवलं, हातात फलक दिला. फोटो चांगला आला. तू तो फोटो बघितलास आणि विचारलंस, "ह्याला पुढं कशाला बसवलास?"

"लोकांना दिसायला हवं, मावशी."

"लोकांनी त्याला मारताना बघितलाय की. आजून किती बघायचा?"

मी म्हटलं, तू समजून घेत नाहीस. तू म्हणालीस, "व्हय, मी अडाणी." हे तू हरायला लागलीस की म्हणायचीस, आणि त्यानंतर पुढं बोलता यायचं नाही. ही तुझी लबाडी होती. मला शेवटपर्यंत तोड सापडली नाही.

आणि त्याच दिवसांत तू पलीकडच्या गावातल्या गिरणीवाल्याला गाठलंस, त्याच्या बायकोच्या बाळंतपणात कधीकाळी केलेली मदत न लाजता आठवून दिलीस, आणि वाडीचं दळण तिकडं सुरू केलंस. गोदामातलं काम सोडून घरात तोंड लपवून पडलेल्या जानूला "माझा कूड पडाया आलाय, तुझ्या बापानं बांधलेला, तूच ये" म्हणून खेचून बाहेर काढलंस. कुडाला काही झालं नव्हतं. तूच त्याच्या दोन काठ्या उपसल्या होत्यास, हे जानूनं मला परवा सांगितलं. त्याला तेव्हाच कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही.

माझ्याबद्दल तू कधी चांगलं बोलली नाहीस असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. एकदा बोललीस. मोर्चाहून परत आलो होतो, माझा घसा बसला होता. तू गरम पाण्यात मीठ घालून दिलंस आणि म्हणालीस, "वरडतेस ते वरडत जा गो. आमचा आवाज तिथवर जात नाय." मी वर बघेपर्यंत तू शेजारणीशी कोंबडीवरून भांडायला लागली होतीस.

मग तो पेरणीआधीचा दिवस. वकील म्हणाले, जखमा आधी ठमाबाईंनी बघितल्या, दवाखान्याचा कागद कच्चा आहे, तर न्यायाधीशांपुढं त्यांचा जबाब नोंदवून घेऊ. तो कागद भक्कम राहतो. मी तुला तयार करायला आले. ओहोळाकाठी तू भांडी घासत होतीस. मी म्हटलं, मावशी, सगळं सांग, पण आंघोळीचं बोलू नको.

"मंग मी काय सांगू? लांबून बघितला?"

"सांग की त्याला घरी आणला तेव्हा बघितलं."

"घरी आनला तवा त्याच्या अंगात कापडा व्हती. पाठ मी पानी घालताना बघितली. स्टंपाचा वळ खांद्यापासून कमरेपर्यंत व्हता, तो पानी पडला तवा वर आला. पान्याबिगार मी तो सांगू कसा?"

"मावशी, समोरचा वकील तुलाच धरेल. म्हणेल हिनंच पुरावा नष्ट केला."

"म्हनू दे."

"केस ढिली होईल."

"माझ्या पान्यानं ढिली व्हनारी केस काय कामाची गो?"

मी उठले. नेहमीसारखी. तू मागून म्हणालीस, "मी तिथं खोटा बोलायची नाय. आन् खरा तू बोलू देत नायस. मंग जाऊन करू काय?"

जबाबाचा तो दिवस असाच गेला. तू आली नाहीस, मीही तुला आणायला आले नाही. मग पेरणी, मग लावणी, मग गणपती. तुझ्या वाडीच्या फाट्यावरून जाणाऱ्या जीपमधून मी दोनदा गेले आणि उतरले नाही. जानू तेवढ्यात ढेपाळत चालला होता. आईच्या हाताला काम नाही, स्वतःच्या लग्नाची बोलणी दोन ठिकाणी मोडली, केसवाला मुलगा म्हणून. तो तुला म्हणाला होता, "मावशी, मिटवून टाकू का?" तू त्याला होही म्हणाली नाहीस, नाहीही. मला हे कळलं तेव्हा मी फोनवरून तुझ्यावर चिडले, नाही का म्हटलं नाहीस म्हणून. तू म्हणालीस, "मार त्यानं खाल्ला." आणि फोन जानूच्या आईच्या हातात दिलास. आपलं शेवटचं बोलणं ते.

आता जे तुला सांगायचं राहिलं ते सांगते. नवरात्रात मी वकिलांकडे गेले होते आणि आपलं भांडण त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, मग सांगू द्या की त्यांना. दवाखान्याच्या कागदात जखमा का दिसत नाहीत, याचं एकमेव सरळ उत्तर त्या आंघोळीत आणि हळदीतच आहे. रीत आहे म्हणून धुतलं, धुताना वळ बघितले. लपवलं आणि उलटतपासणीत निघालं, तर तेव्हा केस जाईल."

तू बरोबर होतीस. कपड्यांबाबत चुकलीस, जबाबाबाबत बरोबर होतीस. मी ते फोनवर सांगितलं नाही. फोनवर तुझं तोंड दिसलं नसतं. मला तुझं ते जिंकल्याचं तोंड बघायचं होतं, तू पदर तोंडाला लावून हसतीस आणि मग उरलेलं वर्षभर "वकील काय बोल्ला गो, सांग परत" म्हणून मला छळतीस. भातकापणी उरकली की तू मोकळी होशील, मग येते, असं मी ठरवलं. त्यात काही वाईट ठरवलं होतं असं मला वाटत नाही. पण कापणीच्याच दिवसांत तुझ्या छातीत दुखलं. जानूनं आणि त्याच्या आईनं तुला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, गाडी मिळेपर्यंत तू गेली होतीस. वाट काट्यांनी बंद नसती तर लवकर पोचले असते का, हे मी जानूला विचारलं नाही. तोही बोलला नाही. आम्ही दोघं त्याच गोष्टीचा विचार करत होतो.

तुझा जबाब आता कुठंच नाही. पोलिसांच्या कागदात तुझ्या नावावर एवढंच आहे की सदर महिला शेजारी असून तिला घटनेची माहिती आहे. सदर महिला. ठाण्यात "मला करा जप्त" म्हणणारी बाई त्या ओळीत कुठं आहे मावशी? मी तो कागद वाचते तेव्हा साहेबांवर संतापते, मग संताप फिरत फिरत ओहोळाकाठी येतो आणि तिथं थांबतो.

तुझ्या दिवसाच्या कार्याला गावठाणातले अण्णा आले. ज्या पोरानं पहिला स्टंप उचलला त्याचे चुलते. सोबत दोघंजण. टोपी काढून बसले, तुझं नाव घेऊन चांगलं बोलले. ठमाबाई मनानं मोठी होती, गावावर माया करायची, वगैरे. मी ओटीच्या कडेला बसले होते. मग अण्णा जानूकडं वळले.

"जान्या, आता तिच्या माघारी वैर नको. साक्ष देनारी बी आता नाय ऱ्हायली. तू लग्नाचा पोर हायस. मिटवून टाक, वाट उद्याच मोकळी करतो."

मावशी, माझं तोंड उघडलं होतं. वाट मोकळी करतो म्हणजे बंद तुम्हीच केली होती, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. जानूनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. आठ महिने मान खाली घालून बोलणारा पोरगा मान वर करून बसला होता, त्यात मला शिरता येईना.

"अण्णा, चा घ्या," जानू म्हणाला.

"चाला नाय आलो, बाबा."

"मावशीच्या घरातून बिनचाचा कोन गेला नाय. घ्या."

त्यांनी कप घेतला. जानू म्हणाला, "त्या दिशी तुमी मंडपात पयल्या खुर्चीत बसला व्हता ना?"

अण्णा चहावर फुंकर घालत राहिले.

"तुमी आइस्क्रीम आनायला गेल्याचा मी नाय बघितला. तुमी बसल्याला व्हता, शिवी ऐकून तुमी खाली बघितला, तो मी बघितला. मावशीची जागा रिकामी झाली ना साक्षीला? तुमी या. खरा तेवढा बोला. मंग मिटवायचा का नाय, तुमीच सांगा."

कुणी आवाज चढवला नाही. अण्णांनी चहा पूर्ण प्यायला, कप पालथा घातला, टोपी घातली आणि तुझ्या फोटोला हात जोडून गेले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. ते येतील असं मला वाटत नाही. पण त्या ओटीवर, गावठाणातल्या माणसाला, वाडीतल्या पोरानं, चहा पाजून, तुझ्या जागी उभं राहायला बोलावलं. माझी पत्रकं एवढी वर्षं हेच मागत होती. वाक्य मात्र मला सुचलं नव्हतं.

ते गेल्यावर बायका भांडी आवरत होत्या. जानू माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, तारखेला जाणार आहे. सगळं सांगणार आहे, अंगणात मावशीनं कसं बसवलं, पाणी कसं घातलं, पाठीवर वळ वर आला तेव्हा ती काय बोलली, ते पण. मी विचारलं, काय बोलली होती? म्हणाला, "ते तिथंच सांगेन. दोनदा नाय सांगता यायचा."

मग म्हणाला, "ताई, तू येशील ना?"

येईन की, मी म्हटलं. शहापूरहून माणसं आणते, वकिलांशी आधी बसू, प्रश्न काय येतील ते...

"नाय, तसा नाय," तो म्हणाला. "तू एकटी ये. माझ्या मागच्या बाकावर बस. काय बोलू नको."

मी बरं म्हटलं. मावशी, तू असतीस तर तिथं तू बसली असतीस आणि तुला कुणी गप्प बस म्हणून सांगावं लागलं नसतं. मला सांगावं लागलं. मी बसेन. समोरचा वकील त्या पोराला काहीबाही विचारेल, मला सगळी उत्तरं येत असतील, आणि मी ती गिळून तिथं बसून राहीन.